नेम आणि मात्रा : बंदुकीचा बार भरण्याच्या परिभाषेचा विचार

(१)

भाषेच्या अभ्यासकाने बंदुकीच्या दारूविषयी लिहावे हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचे निमित्त आरंभीच सांगितले पाहिजे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात, निरनिराळ्या व्यवसायांतील शब्दांचा संग्रह करण्याचे काम आमचे काही पदव्युत्तर विद्यार्थी करीत असतात. होड्या, जाळी, मिठागरे, नारळी-सुपारीच्या वाड्या यांचे शब्द त्यात गोळा होतात. एका वर्षी एका विद्यार्थ्याने ठासणीच्या बंदुकीचे शब्द आणले. यादी सुबक होती. तीत ‘बार’ या शब्दापुढे ‘गोळी’ असा अर्थ लिहिला होता आणि ‘दारू’ या शब्दापुढे ‘स्फोटक पूड’ एवढाच. पहिला अर्थ चुकीचा होता. दुसरा चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. आणि तो अपुरेपणा पहिल्या चुकीहून अधिक धोक्याचा होता. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

विद्यार्थ्याने शब्द ऐकला होता, क्रिया पाहिली नव्हती. व्यवसायाची परिभाषा गोळा करताना ही चूक नेहमीच घडते. शब्द सांगणारा मनुष्य क्रिया गृहीत धरून बोलतो आणि लिहून घेणारा ती ठाऊक नसताना लिहितो. तेव्हा प्रथम बार भरण्याची क्रिया काय आहे हे पाहावे, त्यातून शब्दांचा उलगडा करावा, आणि शेवटी अचूक नेम साधण्यासाठी स्वतःच्या हाताने काडतूस भरू पाहणाऱ्या नवशिक्यास जी शिस्त पाळावी लागते तिचे स्वरूप या शब्दांच्या साहाय्याने समजून घ्यावे, असा प्रस्तुत लेखाचा क्रम आहे.

(२)

कोकणात ठासणीची बंदूक अद्याप नामशेष झालेली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याच्या परवान्याची निराळी तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचा प्रश्न बहुतांशी संपला. तरी वानर, रानडुक्कर यांना हुसकावण्यासाठी बार काढण्याची गरज बागाईतदारांस भासतेच. अशाच एका वयोवृद्ध गृहस्थांच्या वाडीत विद्यार्थ्यासह मी जाऊन बसलो. बंदूक परवान्याची होती आणि तिचे वय तिच्या मालकाहून अधिक असावे.

क्रिया अशी. प्रथम नळी रिकामी आहे ना, हे गज आत सोडून पाहावयाचे. गजावर एक खूण कोरलेली असते. गज त्या खुणेपर्यंत आत गेला म्हणजे नळी रिकामी. खूण बाहेर राहिली म्हणजे आत काहीतरी आहे. मग शिंगातली दारू मापात घ्यावयाची आणि मापातून नळीत ओतावयाची. शिंगातून थेट नळीत ओतणे निषिद्ध. कारण आत जर एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल, तर मापातली दारू तेवढी पेटेल, शिंगातली सारी पेटणार नाही. मग कापडाचा किंवा नारळाच्या काथ्याचा बोळा, तो गजाने ठासावयाचा. मग छर्रे, त्यावर पुन्हा हलका बोळा. गजावर दुसरीही खूण असते. ती भरलेल्या बाराची. गज या खुणेवर येऊन थांबला म्हणजे बार बरोबर बसला. सर्वांत शेवटी, नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरून, कानावर केप चढवावयाची. घोडा केपेवर आपटला, केपेची ठिणगी कानातून आत गेली, की बार उडतो.

तेव्हा ‘बार’ म्हणजे गोळी नव्हे. दारू, बोळा, छर्रे आणि त्यांची ठासण यांचा मिळून जो एक भार नळीत तयार होतो तो बार होय. विद्यार्थ्याने विचारले, “आजोबा, दारू अंदाजाने नाही का घालत?” त्यावर ते म्हणाले, “अंदाज माशीवर धरायचा, बाळ. दारू मापानंच.” या उत्तरात प्रस्तुत विषयाचे सार आले आहे. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा, जो लक्ष्याशी जुळवून नेम धरावयाचा. डोळ्याने करावयाचे काम आणि मापाने करावयाचे काम यांत त्या गृहस्थांनी जो भेद केला, तो कोणत्याही ग्रंथातील व्याख्येपेक्षा कमी स्पष्ट नाही.

(३)

आता शब्दांकडे वळू. ‘बार’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ ओझे, भार. ‘बारदान’ या शब्दात तोच बार आहे. संस्कृत ‘भार’ आणि फारसी ‘बार’ ही एकाच प्राचीन धातूची दोन रूपे होत, हे तौलनिक व्याकरणाच्या विद्यार्थ्यास सांगणे नलगे. म्हणजे मराठीने आपल्याच दूरच्या नातलगाला परक्याच्या वेषात घरात घेतले आणि त्याला निराळे काम दिले. बंदुकीत जे लादावयाचे ते बार. आणि मग जे लादले त्याचा आवाजही बार, त्याची उडण्याची क्रियाही बार. म्हणूनच बार भरतात, बार काढतात, बार उडवतात. ओल्या दारूचा बार फुसका होतो, आणि घाईघाईने उरकलेल्या लग्नाचाही बार उडवून देता येतो. ‘ठासणे’ या क्रियापदाचीही तीच गत झाली आहे. आज ठासून सांगणाऱ्या वक्त्याला गजाची आठवण नसते.

‘बंदूक’ शब्दाचा प्रवास अधिक मौजेचा आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक लहान गोल कवचीचे फळ. त्यावरून तशाच आकाराची गोळी. आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. ‘तोफ’ हा शब्द तुर्की. त्याच्या आगमनाचा मार्ग कोणता असावा याची कल्पना विजापूरच्या सुप्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफेवरून येते. ही तोफ अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतली गेली आणि ती ओतणारा मुहम्मद बिन हुसेन हा ‘रूमी’, म्हणजे तुर्कस्तानकडील होता. ज्या निजामशाहीसाठी त्याने ती ओतली, तिच्याच सत्तेखाली तेव्हा वरचे चौल होते. कारागीर येतो तेव्हा शब्द त्याच्या हत्यारांबरोबर येतो.

परंतु हाताळण्याच्या भागांची नावे पाहावीत. माशी, कान, घोडा, गोळी, नळी ही सारी देशी आहेत आणि बहुतेक प्राण्यांवरून किंवा देहावरून घेतलेली आहेत. वस्तू परदेशी असली तरी ज्या भागाशी रोज हाताचा आणि डोळ्याचा संबंध येतो त्याला मनुष्य आपल्याच घरातले नाव देतो, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. याच्या उलट, शिवकालात रघुनाथ पंडिताने रचलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे, यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो प्रयत्न होता. राज्यकारभारातील त्यातले काही शब्द पुढे रुजले. बंदुकीच्या बाबतीत मात्र बंदूक, तोफ आणि दारूच लोकांच्या तोंडी राहिली. गडावर बंदूक भरणाऱ्या शिपायाला कोश वाचावयाचा नव्हता.

(४)

या सर्वांत विचारास सर्वाधिक योग्य असा शब्द ‘दारू’ हा आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. हिंदीतील ‘दवादारू’ या जोडशब्दात हा मूळ अर्थ अद्याप टिकून आहे. बंदुकीच्या पुडीलाही फारसीत तेच नाव मिळाले. मराठीत औषधाचा अर्थ मागे पडला आणि मद्य व स्फोटक पूड हे दोन अर्थ उरले. हिंदीने स्फोटक पुडीसाठी ‘बारूद’ हा निराळा शब्द ठेवला; मराठीने ‘दारू’च पुढे चालविली आणि ‘दारूगोळा’ हा समासही सिद्ध केला.

औषध आणि स्फोटक पूड यांना एक नाव असणे हा केवळ फारसीचा योगायोग नव्हे. कन्नडमध्ये ‘मद्दु’ म्हणजे औषध, आणि बंदुकीची दारूही. तमिळ ‘मरुंदु’ आणि मलयाळम ‘मरुन्नु’ या शब्दांची गोष्टही तीच आहे. जेथे या पुडीचा शोध लागला त्या चीनमध्ये तिच्यासाठी असलेल्या शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘अग्नी-औषध’ असाच होतो. एवढ्या भिन्न कुळांतील भाषांनी एकच अर्थसंबंध का स्वीकारला असावा? शब्दाचा अनुवाद होत होत हा संबंध पसरला असेल हे एक उत्तर. परंतु वस्तूच्या स्वभावातही त्याचे कारण आहे. सोरा, गंधक, कोळसा ही द्रव्ये वैद्याच्या आणि किमयागाराच्या खलातली. ती कुटावयाची, चाळावयाची, मिसळावयाची आणि मापून द्यावयाची. औषधाला जशी मात्रा असते तशी दारूलाही मात्रा असते. कमी पडली तर गुण येत नाही. अधिक झाली तर घेणारा दगावतो.

हा संबंध आजही मापात जिवंत आहे. रायफलीच्या काडतुसात घालावयाची दारू जगात पुष्कळ ठिकाणी ग्रेन या मापाने मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एका पौंडाचे ७००० ग्रेन होतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. हेच ग्रेन इंग्रजी औषधविक्रेत्यांच्या तराजूतही होते. आपल्याकडे सोनार व वैद्य गुंजेने वजन करीत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, आणि इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरविण्यात आला. त्या हिशेबाने एक गुंज म्हणजे १.८७५ ग्रेन. अर्थात एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक भरतो. वैद्याच्या, सोनाराच्या आणि बंदूक भरणाऱ्याच्या तराजूत एकाच जातीचा दाणा असावा, हे मला अर्थपूर्ण वाटते.

(५)

ठासणीच्या बंदुकीत माप बार भरणाराच्याच हाती असते. काडतूस आले आणि ते त्याच्या हातून गेले. हा बदल ज्या शब्दाने मराठीत आला तो शब्द याच किनाऱ्याशी नाते सांगतो. ‘काडतूस’ हे पोर्तुगीज ‘कार्तूशु’पासून आले, आणि त्याच्या मुळाशी ‘कार्ता’ म्हणजे कागद आहे. आरंभीचे काडतूस ही मोजलेली दारू व गोळी यांची कागदात बांधलेली पुडीच होती. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात चौल-रेवदंड्यास आले आणि १७४० मध्ये ते ठाणे मराठ्यांकडे गेले. समोरच्या कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज मुळाची मिश्र भाषा आजही बोलली जाते, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहेच. ‘पिस्तूल’ही पोर्तुगीजच. मोन्सिन्योर दालगादो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आशियाई भाषांतील असे पोर्तुगीज शब्द साक्षेपाने गोळा केलेले आहेत.

‘काडतूस’मधील ‘ड’ लक्षात घ्यावा. हिंदीत ‘कारतूस’ असा ‘र’ टिकला. मराठीने ‘काराबिना’चेही ‘कडाबीन’ केले, तेव्हा ही प्रवृत्ती एकाकी नाही. त्यातही ‘तूस’ म्हणजे धान्यावरचे टरफल हा ओळखीचा शब्द शेवटी ऐकू येत असल्यामुळे, आत दाणा व बाहेर तूस अशा कल्पनेने हे रूप लोकांच्या कानी रुचले असावे, असा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. त्याच अर्थाचा ‘तोटा’ हा जुना शब्द मात्र मागे पडला आणि फटाक्यांच्या तोट्यांत तेवढा उरला.

कागदाच्या पुडीत बांधलेल्या बारात एक गोष्ट गृहीत असते : ती पुडी बांधणाऱ्या अनोळखी हातावरचा विश्वास. तो विश्वास उडाला तर काय होते याचे उदाहरण १८५७ आहे. एनफील्ड रायफलीचे काडतूस दाताने तोडावे लागे आणि त्याला लावलेल्या चरबीविषयीच्या वार्तेने शिपायांत क्षोभ उसळला. त्या वर्षीच्या जानेवारीतच शिपायांनी आपल्या हाताने स्वतःचे वंगण लावावे अशी मुभा देण्यात आली होती. पण तोवर उशीर झाला होता. याच जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी उत्तरेस गेले आणि काडतुसांची ही वार्ता त्यांच्या प्रवासवर्णनात आली आहे. ‘माझा प्रवास’ या नावाने ते पुस्तक चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. योगायोग असा की मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७ चीच. शब्द कोशात स्थिर होत होते त्याच वर्षी एका शब्दाने देश पेटला.

(६)

पुढे कागद जाऊन पितळेचे कवच आले आणि कारखाने उभे राहिले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. आजच्या रायफलीच्या काडतुसाची अंगे चार : पितळेचे कवच, त्याच्या बुडाशी बसविलेली केप, आतली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, केप निकामी होते. कवच मात्र उरते. त्या कवचात नवी केप, नवी दारू व नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरणे, याला हाताने काडतूस भरणे म्हणतात. अमेरिका व युरोपातील काही देशांत अनेक नेमबाज हे करतात. काटकसर हे एक कारण; पण खरे कारण अचूकता हे होय.

कारखान्याचे काडतूस त्या मापाच्या सर्व रायफलींत चालावे अशा बेताने केलेले असते. परंतु कोणत्याही दोन रायफली अगदी सारख्या नसतात. नळीतील पिळाच्या खाचांशी गोळी किती अंतरावर बसते, कवच घरात किती सैल राहते, बार उडताना नळी कशी कंप पावते, हे प्रत्येकीचे निराळे असते. स्वतः भरणारा मनुष्य आपल्या एका रायफलीस कोणता बार मानवतो हे शोधतो. येथे नवशिक्याची पहिली चूक होते. त्याला वाटते, अधिक दारू म्हणजे अधिक वेग, आणि अधिक वेग म्हणजे अधिक अचूक नेम. वस्तुतः अचूकता जोरात नाही, सारखेपणात आहे. प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच सुटली, तर ती मागच्या गोळीजवळच लागेल. वेगात थोडा फरक पडला तर शंभर मीटरवर तो जाणवणार नाही. पण पाचशे मीटरवर हळू गोळी अधिक खाली येईल आणि लक्ष्यावर उभी रेघ दिसू लागेल. म्हणून कवचांची लांबी सारखी, दारूचे वजन सारखे, गोळी बसविण्याची खोली सारखी, ही त्याची साधना असते.

दुसरी चूक अशी की तो एकदम दोन-तीन गोष्टी बदलतो. दारू बदलली, गोळीही बदलली आणि नेम सुधारला. तर श्रेय कोणाला द्यावे? भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न परिचित आहे. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत एकच ध्वनी निराळा आहे, म्हणून त्या दोन ध्वनींचा भेद अर्थभेदक आहे हे सिद्ध होते. दोन ध्वनी बदललेल्या जोडीने काहीच सिद्ध होत नसते. लघुतम युग्माचा हा नियम रायफलीच्या बारासही जसाच्या तसा लागू आहे : एका वेळी एकच बदल, बाकी सर्व स्थिर, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद.

तिसरी चूक अल्प पुराव्याची. तीन गोळ्या एका ठिकाणी लागल्या की नवशिक्या हर्षभरित होतो. पण तीन गोळ्यांचा पुंजका लहान दिसणे हे बऱ्याच वेळा दैवाचे काम असते. त्याच बाराच्या आणखी सात गोळ्या उडविल्या तर पुंजका पसरतो. त्याचा विस्तार वाढू शकतो, कमी होऊ शकत नाही. एकाच निवेदकाकडून तीन वाक्ये लिहून घेऊन बोलीचा नियम सांगणाऱ्या संशोधकाची आणि या नेमबाजाची गत एकच. दोघांनीही पुन्हा गेले पाहिजे, आणि निराळ्या दिवशी गेले पाहिजे.

(७)

आता आरंभी उल्लेखिलेल्या धोक्याकडे येऊ. ‘दारू’ या एका मराठी शब्दाने आज दोन अत्यंत भिन्न द्रव्ये सांगितली जातात. ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू ही सोरा-गंधक-कोळशाची. आधुनिक काडतुसातील दारू ही धूरविरहित. फ्रान्समध्ये १८८४ मध्ये पॉल व्हिएय याने ती सिद्ध केली, आणि तिचा आधार नायट्रोसेल्युलोज हा आहे. काळी दारू आकारमानाच्या मापाने घेतली जाते आणि तिच्या ज्वलनाचा वेग दाबाने फारसा बदलत नाही. धूरविरहित दारूचे तसे नाही. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. वजनास वजन घेतले तरी तिच्यातील शक्ती काळ्या दारूहून कितीतरी अधिक. जी जुनी नळी काळ्या दारूसाठी घडली तिच्यात त्याच मापाने ही दारू घातली, तर नळी फुटते आणि भरणाराचा हात, डोळा किंवा जीव जातो. दोन्हींना शब्द एक, दिसण्यात दोन्ही काळसर कण, आणि माप हाताशी असलेले. यादीत ‘स्फोटक पूड’ एवढाच अर्थ लिहिणे धोक्याचे का, ते यावरून ध्यानात यावे. अनेकार्थता ही काव्यात शोभा असेल. दारूच्या बाबतीत ती अपघाताचे कारण होते.

धूरविरहित दारूतही जाती पुष्कळ आहेत : काही जलद जळणाऱ्या, काही मंद. अनेक आधुनिक रायफलींच्या नळीत उद्भवणारा दाब चौरस इंचास साठ हजार पौंडांच्या घरात जातो; मोटारीच्या चाकातील हवेचा दाब तीस-पस्तीस पौंड असतो, हे तुलनेसाठी लक्षात घ्यावे. म्हणून जेथे हा छंद कायद्याने मोकळा आहे तेथेही नियम कडक आहेत. दारू तयार करणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतील नेमकी तीच दारू, तेच कवच, तीच केप व तीच गोळी घ्यावयाची. दिलेल्या आरंभीच्या मात्रेपासून, बहुधा कमाल मात्रेच्या सुमारे दहा टक्के खालून, चढत जावयाचे. कवच काढताना अडकू लागले किंवा केप चपटी दिसू लागली की तेथेच थांबावयाचे. आणि एकही अंग बदलले तर पुन्हा खालून आरंभ करावयाचा. कामाच्या मेजावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवावयाची, आणि डब्यावरचे नाव पुसट झाले असेल तर ती दारू ओळखण्याचा यत्न न करता टाकून द्यावयाची. प्रत्येक कवचात डोकावून पाहावयाचे, कारण एकाच कवचात दोनदा दारू पडणे हा या कामातील सर्वांत जुना अपघात आहे. वाडीतल्या गृहस्थांच्या गजावरील दुसरी खूण याच अपघातासाठी होती.

भारतात मात्र हा प्रश्न बहुतांशी कायद्यानेच मिटविला आहे. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात असलेल्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांच्या कारावासाची आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. तेव्हा प्रस्तुत लेखातील विवेचन क्रियेच्या आकलनासाठी आहे, अनुकरणासाठी नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

(८)

स्वतः काडतूस भरता येत नसले तरी सारखेपणाचा शोध थांबत नाही. ऑलिंपिकमधील पन्नास मीटर रायफल स्पर्धेचे .२२ मापाचे काडतूस असे असते की त्याचे पेट घेणारे द्रव्य कवचाच्या कडेतच पसरलेले असते. ते एकदा उडाले की पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. तेव्हा नेमबाज निराळी वाट काढतात. कारखान्यात एका वेळी सिद्ध झालेल्या काडतुसांचा एक गट असतो. रायफल पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या गटांची काडतुसे उडवून पाहतात, आणि आपल्या नळीस जो गट मानवेल त्याचाच साठा घेतात. म्युनिक येथे २०१० मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत आणि पॅरिस येथे २०२४ मध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूरकडील नेमबाज याच मापाच्या रायफलीचे. आपल्या जिल्ह्यात पनवेल येथे, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या सुमा शिरूर यांची ‘लक्ष्य’ ही नेमबाजीची संस्था आहे. त्यांचा प्रकार हवेच्या रायफलीचा. तेथे दारू नाही, केप नाही, आवाजही बेताचा. पण शिशाच्या बारीक गोळ्या सारख्या असाव्यात हा आग्रह तेथेही सुटत नाही.

(९)

शेवटी एका शब्दाचा विचार करून हा लेख पुरा करतो. मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत. एक लक्ष्याचा : नेम धरणे, नेम चुकणे. दुसरा आचरणाचा : नित्यनेम, नेमाने वागणे. कोशात हे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात आणि वाचकास ते दोन निराळे शब्द वाटतात. परंतु मूळ एकच, संस्कृत ‘नियम’. त्याच मुळापासून ‘नेमका’ हा शब्दही झाला, ज्यात लक्ष्य आणि नियम यांचा संगम आहे. जे नियमाने केले तेच नेमके लागते, ही गोष्ट ज्या बोलणाऱ्यांनी या एका शब्दात साठविली, त्यांनी तराजू व मोजपट्टी न घेताच आजच्या काडतूस भरणाऱ्याचे तत्त्व सांगून ठेवले आहे.

त्या विद्यार्थ्याने आपली यादी नंतर सुधारून आणली. ‘बार’ या शब्दापुढे आता पाच ओळी आहेत आणि ‘दारू’पुढे दोन स्वतंत्र नोंदी : काळी दारू आणि धूरविरहित दारू, आणि दोहोंमध्ये सावधगिरीची एक ओळ. कोशकाराच्या दृष्टीने ही नोंद लांबट झाली आहे. ती तशीच राहू द्यावी, असे मी त्यास सांगितले.